डांबर घेताना भावाआधी ग्रेड विचारा

रस्त्याच्या कामाचे छोटे ठेके घेणारे आपले अनेक बंधू डांबर घेताना फक्त भाव विचारतात. फार तर "60/70 आहे ना?" एवढे विचारून ड्रम उचलतात. ही सवय आता सोडली पाहिजे. रस्ता हमीच्या मुदतीत उखडला, तर भुर्दंड ठेकेदारालाच बसतो.

60/70, 80/100 ही जुन्या पद्धतीची नावे. 25 अंश सेल्सिअसच्या डांबरात 100 ग्रॅम भाराची सुई 5 सेकंदांत किती रुतते, ते पाहत. 6 ते 7 मिलिमीटर रुतली की माल 60/70. पण भर उन्हाळ्यात आपल्याकडील रस्ता 60 अंशांच्या आसपास तापतो. 25 अंशांना सारखे दिसणारे दोन माल तेथे सारखे टिकतीलच असे नाही. म्हणून 2006 साली भारतीय मानक 73 बदलले आणि 60 अंशांवरील घट्टपणा मोजून व्हीजी-10, 20, 30 व 40 असे ग्रेड ठरले.

येथेच गफलत होते. जुन्या पद्धतीत आकडा लहान तितका माल कडक. नव्या पद्धतीत आकडा मोठा तितका कडक. साधारणपणे 80/100 च्या जागी व्हीजी-10 आणि 60/70 च्या जागी व्हीजी-30 आले. 2013 च्या मानकानुसार 7 दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी 38 ते 45 अंश असेल तेथे व्हीजी-30, त्याहून अधिक असेल तेथे व्हीजी-40 योग्य. विदर्भात काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. स्वस्त मिळाले म्हणून व्हीजी-10 वापरले, तर जड वाहनांखाली रस्त्यावर चाकोऱ्या पडणारच.

योग्य माल घेऊनही तो भट्टीवर बिघडवता येतो. व्हीजी-30 साधारण 150 ते 165 अंशांपर्यंतच तापवावे. धूर निघेपर्यंत उकळलेले डांबर ठिसूळ होते. त्यात रॉकेल ओतणे म्हणजे विकत घेतलेला ग्रेड स्वतःच मोडणे होय. थर्मामीटरचा खर्च रस्ता पुन्हा करण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

व्यापारी बंधूंनीही बिलावर नुसते "डांबर" न लिहिता ग्रेड लिहावा आणि रिफायनरीच्या चाचणी दाखल्याची प्रत सोबत द्यावी. घेणाऱ्याने त्याशिवाय पैसे मोजू नयेत. तक्रार उद्भवली की तोंडी शब्द उपयोगी पडत नाही, कागदच उपयोगी पडतो.