स्मरणशक्तीचे अजीर्ण

त्याचे असे झाले. दसऱ्याच्या सुट्टीत वेल्ह्याच्या घराचा माळा झाडताना आमच्या चिरंजीवांना माझा २००२ सालचा संगणक सापडला. पोट सुटलेल्या पडद्यासकट! मी तेव्हा एम. ए. करीत होतो. अण्णांनी तो माझ्या अभ्यासासाठी घेऊन दिला, आणि धाकट्या भावाने त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स'ची साम्राज्ये उभारली. चिरंजीवांनी ते धूड विंझर, मार्गासनी, नसरापूर करीत भोरला आणले आणि जाहीर केले, "बाबा, यावर विंडोज ९८च टाकायचे. जुने खेळ जुन्या यंत्रावरच खेळावेत."

आता, मराठी शिकवणाऱ्या माणसाला शुद्धलेखनाची दुरुस्ती जमते, यंत्राची नव्हे. शिवाय ११ जुलै २००६ नंतर या प्रणालीला अधिकृत वालीही उरलेला नाही. यंत्र सुरू केले, तर त्याच्या मते अजून २००२ सालचा जानेवारीच चालू होता! आतली रुपयाएवढी बॅटरी कधीच संपली होती. ती घड्याळजीकडे मिळाली. वेल्ह्याच्या पावसाने फ्लॉपीला बुरशी चढली होती, पण सीडी शाबूत निघाली. डिस्क पुसली, सगळ्या फाइली उतरल्या, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि म्हणाले, मेमरी अपुरी आहे.

अपुरी? चिरंजीवांनी मूळची १२८ एमबीची पट्टी काढून ५१२च्या दोन बसवल्या होत्या. आठपट खुराक, आणि तरी उपासमारीची तक्रार!

चिरंजीवांनी रात्री जागून कारण शोधले, आणि ते ऐकून मला हसू आवरेना. या प्रणालीत पत्त्यांची जागा सारी मिळून चार जीबीची. त्यातली शेवटची एक जीबी ती स्वतःच्या कारभारासाठी राखते. त्याच जागेत व्हीकॅश नावाचा एक कारभारी आहे. डिस्कवरून वाचलेला माल हाताशी राहावा म्हणून तो यंत्रातली मेमरी पाहून त्या मानाने पत्ते आधीच अडवून ठेवतो. मेमरी जास्त, तर त्याचे पाटही जास्त. ५१२ एमबीच्या पलीकडे गेले की वरपक्षासाठी राखलेल्या पाटांनीच मांडव भरण्याची पाळी येते, आणि घरची माणसे वाढपाची भांडी घेऊन दारात उभी! पाट रिकामे, पण बसायला जागा नाही.

उपाय दोन. 'सिस्टिम.आयएनआय' या फाइलीत व्हीकॅशच्या मथळ्याखाली 'मॅक्सफाइलकॅश=५२४२८८' अशी ओळ लिहून त्या कारभाऱ्याला मर्यादा घालायची; नाहीतर एक पट्टी सरळ उपटायची. आम्ही पट्टी उपटली. गाडी पुढे सरकली ती थेट पंचवीस अक्षरांच्या परवलीपाशी. ती छापलेली पुस्तिका वाळवीने खाल्लेली.

"भावजींना विचारा की," सौ. म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

धाकट्याला तीसपर्यंतचे पाढे कधी आले नाहीत. पण दर महिन्याला यंत्र बिघडवून पुन्हा बसवण्यात ती पंचवीस अक्षरे त्याला मुखोद्गत झाली होती. तो चाकणला असतो. अण्णांच्या वर्षश्राद्धाला भाताच्या खाचरावरून आमची बोलाचाली झाली, त्याला तीन वर्षे होऊन गेली. तेव्हापासून दोघांच्या बायका बोलतात, आम्ही नाही. फोन हातात घेऊन मी बराच वेळ ओसरीत बसलो. चिरंजीव मात्र पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवीत उभे.

"बोल," पलीकडून आवाज आला.

"त्या विंडोजची अक्षरे आठवतात का रे?"

तो काही बोलला नाही. मला वाटले, ठेवला फोन. मग एकदम, श्वास न घेता, त्याने म्हणायला सुरुवात केली. मी लिहीत गेलो. यंत्राने ती नाकारली.

"शेवटून तिसरा आठ नाही दादा, बी आहे. तू पहिल्यापासून तिथेच चुकतोस."

बी घातला. यंत्राने मुकाट्याने पुढचे पान उघडले. चिरंजीवांनी आरोळी ठोकली, ती चाकणपर्यंत पोचली असावी.

"मेमरी किती घातलीत?" त्याने विचारले.

"एक जीबी होती. अर्धी काढून टाकली."

"अर्धी पुष्कळ झाली."

खाचराचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. फोन मात्र तो ठेवीना. शेवटी म्हणाला, "पाडव्याला सुट्टी आहे मला. येतो. पण निळा रंग माझा."

पूर्वीही तो निळाच घ्यायचा.