सेविकेचा फोन कोणासाठी?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या अंगणवाडी सेविकांना आणि तिथल्या पालकांना ऑनलाइन शिक्षण द्यावे का, हा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले असे : “पाड्यावर रेंज नाही, सेविका जेमतेम दहावी-बारावी शिकलेली, आईला वाचता येत नाही; तिथे कसले ऑनलाइन? प्रशिक्षण समोरासमोरच हवे.” दुसरे असे : “लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली आहे, व्हिडिओ मराठीत आहे, आता शिकणे त्यांच्या हातात.” पहिल्यात कळवळा दिसतो, दुसऱ्यात तत्परता. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत असे माझे ठाम मत आहे. सेविकेला शिकायला वेळ कोणी दिला आहे का आणि शिकताना ती अडली तर तिला उत्तर कोण देणार, हे दोन्ही बाजू विचारत नाहीत.

रेंजची अडचण खरी आहे. डोळखांबच्या आतले पाडे, कसाऱ्याच्या वरच्या वाड्या, मुरबाडात टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याची गावे, इथे फोन घेऊन उंचवट्यावर जावे लागते. पण रेंज लागते ती व्हिडिओ उतरवून घेताना. बघायला ती लागत नाही. सेविका महिन्यातून एकदा तरी बैठकीसाठी बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, गावी किंवा तालुक्याला येतेच. तिथे फाइल फोनमध्ये घेतली की पाड्यावर ती हवी तितक्या वेळा दाखवता येते. एवढ्या साध्या उपायाने सुटणारी अडचण पुढे करून अख्खे शिक्षणच नाकारायचे, हे मला पटत नाही. मुरबाडला आजही रेल्वे नाही. आतल्या वाडीवरून निघालेल्या बाईचा एसटीत आणि जीपमध्ये किती वेळ जातो, त्या दिवशी अंगणवाडी मदतनीस एकटी कशी सांभाळते, याचा हिशेब समोरासमोरच्या आग्रहात कुठेच नसतो.

समोरासमोरच्या प्रशिक्षणाची आपली रीतही तपासून पाहावी. राज्य पातळीवर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा प्रकल्पाला, प्रकल्प बीटला. दर पायरीवर थोडे गळते, थोडे बदलते. शेवटच्या सेविकेपर्यंत पोचते ती कोणीतरी कोणाकडून ऐकलेली गोष्ट. स्तनपानाचेच उदाहरण घ्या. बाळाला कसे धरायचे, तोंड पुरेसे उघडले की नाही, हनुवटी कुठे टेकायला हवी, बाळ फक्त स्तनाग्र ओढते आहे की भोवतालचा काळसर भागही तोंडात घेते आहे, हे भरल्या सभागृहात माइकवरून सांगून समजत नाही. ते डोळ्यांनी बघावे लागते, थांबवून पुन्हा बघावे लागते. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली नेमक्या याच विषयांवर, स्तनपान आणि पूरक आहारावर, व्हिडिओ तयार झाले आणि ते मराठीतही आहेत. मूळ तज्ज्ञाने दाखवलेली कृती, मध्ये एकही पायरी न गळता, ओल्या बाळंतिणीच्या खाटेपाशी दाखवता येते. सासूही ती बघते. सासूने बघणे फार महत्त्वाचे, कारण पहिल्या सहा महिन्यांत बाळाला वरचे पाणी, मध, गुटी द्यायची की नाही हे बहुतेक घरांत तीच ठरवते. सेविकेने तोंडी सांगितले तर तो सेविकेचा शब्द विरुद्ध सासूचा अनुभव असा सामना होतो. दोघींनी मिळून पडद्यावर पाहिले की बोलण्याला निराळे वळण लागते.

मग विरोधक शेवटचा पुरावा काढतात : सेविकांनाच तंत्रज्ञान नको आहे, २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर त्यांनी सरकारी मोबाइल परत केले की नाही? केले. पण का केले ते नीट आठवावे. फोन जुने झाले होते, त्यांत जागा कमी होती, नोंदींसाठीचे नवे पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर धड चालत नव्हते आणि नोंदी इंग्रजीत भराव्या लागत होत्या. सेविकांच्या संघटना मागत होत्या चांगला फोन आणि मराठी ॲप. ज्या बाईला तंत्रज्ञान नको असते ती चांगला फोन मागत नाही. त्या आंदोलनाला अडाणीपणाचा पुरावा म्हणून वापरणे हा त्या बायांवर उघड अन्याय आहे.

आता दुसरे उत्तर, आणि तेच जास्त घातक आहे, कारण ते शिक्षणाच्या बाजूने बोलते.

सेविकेच्या हातातला फोन आज दिवसभर तिच्याकडून मागत असतो. हजेरी भरा, आहाराची नोंद करा, वजन-उंची टाका, गृहभेट नोंदवा, लाभार्थ्यांचे केवायसी करा, आणि २०२५ पासून घरपोच आहार देताना आईचा चेहरा पडताळून घ्या. नोंदींना माझा विरोध नाही. नोंद नसेल तर मूल व्यवस्थेच्या नजरेतूनच निसटते. पण त्याच फोनवर, त्याच दिवशी, त्याच बाईला वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवून ‘आजच बघा, बघितल्याचा स्क्रीनशॉट टाका’ असा निरोप आला तर ते प्रशिक्षण होत नाही, तो नोंदीचा आणखी एक रकाना होतो. रात्री भाकऱ्या झाल्यावर व्हिडिओ चालू ठेवायचा, शेवटी स्क्रीनशॉट काढायचा, ग्रुपवर टाकायचा. वर अहवाल जातो : शंभर टक्के. त्या शंभर टक्क्यांत किती जणींना काय कळले, कोणी विचारत नाही.

व्हिडिओ किती शिकवू शकतो याची मर्यादा दंडघेराच्या पट्टीत स्पष्ट दिसते. मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य काढायचा, हात सैल सोडायचा, पट्टी त्वचेला लागेल पण आवळणार नाही अशी धरायची. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आकडा गेला तर मूल तीव्र कुपोषित, सॅम, ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम, मॅम. पट्टी किंचित आवळली किंवा सैल राहिली की दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि मुलाचा गट बदलतो. ग्राम बाल विकास केंद्रात त्याला घ्यायचे की नाही हे त्यावर ठरते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची, मोठ्या मुलाची उंची उभे करून. इथेही तीच गत. व्हिडिओ ही कृती उत्तम दाखवतो. ‘बाई, तुमची पट्टी आवळली आहे’ हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारी पर्यवेक्षिका लागते, तिचा हात सेविकेच्या हातावर लागतो. ज्यांनी हा भाग खर्च वाचवण्यासाठी वगळला, त्यांनी ऑनलाइन शिक्षणाचे नाव बदनाम केले. पाड्यातल्या रेंजपेक्षा त्यांनी केलेले नुकसान मोठे आहे.

आणि फोनच्या जोडीला प्रत्यक्ष शिकवणे हे काही नव्याने मागायचे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिले आहे की बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका द्यावी, हे दोन्ही डिजिटल आणि दूरस्थ पद्धतीने, डीटीएच वाहिन्यांवरून, स्मार्टफोनवरून देता येईल. आणि त्याच जागी लिहिले आहे की महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग प्रत्यक्ष घ्यावा, समूह साधन केंद्राने त्याची जबाबदारी घ्यावी. डिजिटलचे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते, संपर्क वर्गाचे कोणी म्हणत नाही. त्याआधी २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले तेव्हा २१ विषय थोडे थोडे करून महिन्याच्या बैठकीतच शिकवायचे, अशी आखणी होती. म्हणजे बीटची बैठक हा सेविकेचा वर्ग होता. तो वर्ग पुढे आकडे गोळा करायच्या कामाने गिळला. सेविकांशी बोललात तर हेच ऐकाल.

केंद्राने २०२४ मध्ये शून्य ते तीन वर्षांच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. ३६ महिन्यांचे वेळापत्रक, वयानुसार १४० कृती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आली. ‘पोषण भी, पढाई भी’खाली सेविकांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरले. तीन दिवसांत १४० कृती कोणाच्या अंगवळणी पडतील? इथे फोन खरोखर उपयोगी आहे. आठ महिन्यांच्या बाळाच्या घरी निघालेल्या सेविकेला त्या वयाच्या दोन कृती, दोन मिनिटांत, तिच्या फोनवर दिसाव्यात : वाटीखाली खुळखुळा लपवणे, बाळाच्या आवाजाला आवाजाने उत्तर देणे. ती घरी जाऊन आईकडून करून घेते. पुढच्या बैठकीत कोणाच्या बाळाने काय केले ते सांगते. मला हवे आहे ते ऑनलाइन शिक्षण हे असे आहे.

पालकांबद्दल बोलताना दोन्ही पक्ष एका सुरात येतात : आदिवासी पालकांना रसच नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला जाऊन मग हे म्हणावे. ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन बसल्या. वर्ग दुपारचा, म्हणजे घरातली कामे उरकल्यावरचा, शिकवणारी गावातलीच. वेळ त्यांच्या सोयीची होती, बोली ओळखीची होती, अडले तर विचारायला माणूस समोर होते. या तीन गोष्टी मिळाल्या तर सत्तरीतली बाई शिकते. पंचविशीतली आई शिकत नसेल तर त्या तिन्हींपैकी काय कमी पडले ते आधी शोधावे, तिच्या आवडीनिवडीवर निकाल नंतर द्यावा. २०२२ मध्ये राज्यात शाळापूर्व तयारीचे ‘पहिले पाऊल’ मेळावे झाले, गावोगाव मातांचे गट झाले. फोनवर आलेली कृती गटाने मिळून करायची, ज्या आईकडे फोन नाही तिने शेजारणीच्या फोनवर बघायची, ही रीत तेव्हाच रुळू लागली होती.

शहापूर-मुरबाडात एक अडचण मात्र या सगळ्यांहून मोठी आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, कल्याणकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जे मूल कार्तिकात सेविकेच्या यादीत होते ते सहा महिने तिला दिसत नाही. आई दिवसभर गारा-विटांत, बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. इथे सेविका पोचत नाही. फोन पोचतो, पण तो बापाच्या खिशात असतो आणि रिचार्ज संपला की मुका होतो. म्हणून या कुटुंबांसाठी व्हिडिओची लिंक पाठवणे निरर्थक आहे. साध्या फोनवर येणारा आवाजाचा संदेश हवा, संध्याकाळी यायला हवा, कातकरी बोलीत हवा, आणि तो बापालाही उद्देशून असावा. महासाथीच्या काळात महिला व बालविकास विभागाने ‘तरंग सुपोषित महाराष्ट्राचा’ या उपक्रमात साध्या फोनवरून ऐकता येणारी सोय केली होती, तेव्हा हे जमण्यासारखे आहे. प्रमाण मराठीतले ‘पूरक आहार’, ‘संज्ञानात्मक विकास’ हे शब्द मात्र त्या फोनवरून जाऊ देऊ नयेत. म ठाकूर, वारली, कातकरी घरांतल्या बायांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, त्याच पाड्यांतल्या सेविका आणि मदतनीस ते काम करू शकतात, आणि त्याचे त्यांना पैसे मिळावेत.

दुरून शिकवणे बालशिक्षणाला परके आहे असे मानणाऱ्यांना ताराबाई मोडकांची आठवण करून द्यावी लागेल. पालकांना मूल समजावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. ती टपालाने घराघरांत जाई. पण ताराबाई पत्रिकेवर थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात, गुरे चरायच्या कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून देशभर गेला. बोर्डी-कोसबाडचा तो डहाणू भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. पत्रिका आणि कुरणशाळा या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, एकीमुळे दुसरी अनावश्यक ठरली असे तिला कधी वाटले नाही. मुलासाठी शाळा जर अंगणापर्यंत गेली, तर सेविकेचे शिक्षण तिच्या पाड्यापर्यंत का जाऊ नये?

तेव्हा माझी मागणी अशी आहे. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरावा. आठवड्यातले ठरावीक दोन तास कोणतीही नोंद मागू नये. शिकण्यासाठीचा डेटा सरकारने भरावा. मदतनिसेला सेविकेइतकेच शिक्षण मिळावे, कारण तीन वर्षांच्या मुलाचा हात जास्त वेळ तिच्याच हातात असतो. अभ्यासक्रम पुरा केला तर त्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि पर्यवेक्षिकेच्या निवडीत त्या नोंदीला वजन असावे. स्क्रीनशॉट मागणे ताबडतोब थांबवावे. कोण काय शिकले ते पर्यवेक्षिकेने अंगणवाडीत बसून पाहावे. पर्यवेक्षिकांची रिकामी पदे भरल्याशिवाय हे होणार नाही, हेही स्पष्ट लिहून ठेवतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना मुंबईच्या आदेशाची वाट बघावी लागेल. एका गोष्टीला लागत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी येत्या बैठकीचा पहिला तास आकड्यांना न देता शिकण्याला द्यावा. व्हिडिओ तिथेच फोनमध्ये उतरवून घ्यावा, सगळ्यांनी मिळून बघावा आणि मग त्यातली कृती एकमेकींच्या मुलांवर करून पाहावी. सुरुवात दंडघेराच्या पट्टीपासून करावी. भट्टीवरून कुटुंबे परतली की सगळ्यांत आधी तीच लागते.