पॉइंट मोजण्याआधी पगाराची तारीख बघा

मित्रांनो, सध्या दुबई-शारजात आपल्या बऱ्याच जणांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. एका नव्या स्टार्टअपचं क्रेडिट कार्ड येतंय. अजून बाजारात आलेलं नाही, पण आत्ताच नाव नोंदवलं तर जास्तीचे पॉइंट, रूमवरचे चार जण जोडले तर आणखी पॉइंट. वार्षिक फी नाही, किराण्यावर कॅशबॅक आणि पॉइंट साठले की गावाकडचं विमान तिकीट. तुम्ही आम्हाला विचारताय, "दादा, नाव नोंदवू का?"

आमचं सरळ उत्तर: घाई करू नका. कार्ड वाईटच असतं असं आम्ही म्हणत नाही. पण ते तपासायची वेळ सही करण्याआधीची. सही झाली की मग प्रश्न बँक विचारते, उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

पहिला प्रश्न, कार्ड नक्की कोणाचं? स्टार्टअप म्हणजे बँक नव्हे. बऱ्याचदा ॲप आणि जाहिरात त्यांची असते आणि मागे पैसा एखाद्या बँकेचा. त्या बँकेचं नाव विचारा. यूएईच्या सेंट्रल बँकेच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या संस्थांची यादी आहे, तिथे ते नाव शोधा. नाव सांगायला टाळाटाळ होत असेल तर एमिरेट्स आयडीचा फोटो, पासपोर्टची कॉपी आणि फोनवर आलेला ओटीपी कुणालाही देऊ नका. "फुकट नोंदणी" म्हणतात, पण तुमचा नंबर, पगाराचा आकडा आणि चार मित्रांचे नंबर त्यांच्याकडे गेलेले असतात. ती काही फुकट गोष्ट नाही.

दुसरा प्रश्न, पॉइंट कशावर मिळणार? आपला महिन्याचा खर्च आठवा. मोठा वाटा एक्स्चेंजमधून घरी जातो. मेसचे पैसे रोख, रूमचं भाडं बऱ्याचदा रोख. यावर पॉइंट कुठून येणार? उलट कार्डाने घरी पैसे पाठवले तर बऱ्याच बँका ते रोख काढल्यासारखं धरतात. मग वेगळी फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. म्हणजे पॉइंट हवे असतील तर एरवी घेतली नसती अशी वस्तू घ्यावी लागेल. हीच तर त्यांची गंमत आहे.

आता हिशोब करू. समजा २,००० दिरहमची खरेदी केली आणि १ टक्का कॅशबॅक मिळाला. २० दिरहम आले. बिल पूर्ण भरलं तर ते तुमचे. पण इथल्या कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांच्या पुढे व्याज ही नेहमीची गोष्ट आहे. साडेतीन टक्के धरा. २,००० वर महिन्याचे ७० दिरहम झाले. बिलावर "किमान रक्कम १००" असं दिसतं, आपल्याला वाटतं शंभर भरले, सुटलो. त्यातले ७० व्याजात जातात आणि कर्ज फक्त ३० ने कमी होतं. चक्रवाढीने वर्षाचं व्याज ५० टक्क्यांच्या वर जातं. गावात कुणी शेकडा साडेतीनने पैसे उचलले तर आपण त्याला वेड्यात काढतो. इथे तोच भाव चकचकीत ॲपमध्ये आला की आपण त्याला "ऑफर" म्हणतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो स्वतःलाच विचारायचा आहे. माझा पगार कधी येतो? कागदावरची तारीख नको, गेल्या सहा महिन्यांत खरोखर कधी जमा झाला ते बघा. कामगार मंत्रालयाच्या २०२२ च्या नियमात देय तारखेनंतर १५ दिवस उलटले की कंपनीने पगाराला उशीर केला असं धरलं होतं. बँक तुम्हाला असे १५ दिवस देत नाही. बिलाची तारीख चुकली की लेट फी, वर व्याज आणि क्रेडिट ब्युरोकडे नोंद. उशीर कंपनीने केला आणि डाग लागला तुमच्या नावाला. म्हणून ज्याचा पगार लटकतो त्याने कार्ड घेऊ नये, मग पॉइंट कितीही असोत.

"नाहीच जमलं तर गावी निघून जाऊ," असं म्हणणारे अजून आहेत. ते दिवस गेले. थकबाकी १०,००० दिरहम किंवा जास्त असेल तर धनको कोर्टाकडे प्रवासबंदी मागू शकतो. समजा निघालात, तरी भारत सरकारने जानेवारी २०२० मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली यूएईचा समावेश केला आहे. इथल्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आता आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयात दाखल करून वसुली करता येते. म्हणजे बापाच्या नावच्या नाही, पण तुमच्या नावच्या जमिनीपर्यंत हे प्रकरण येऊ शकतं.

आणखी एक. सह्या करताना कोरा चेक मागितला तर थांबा. जानेवारी २०२२ पासून पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या चेकसाठी सहसा तुरुंग होत नाही, पण त्याच चेकवर थेट वसुलीची कारवाई करता येते. "क्रेडिट शील्ड" नावाचा विमा न विचारता जोडला आहे का, तेही बघा. तो दर महिन्याला कापला जातो.

मग कार्ड कुणी घ्यावं? ज्याचा पगार वेळेवर येतो, जो दर महिन्याला पूर्ण बिल भरू शकतो आणि ज्याच्याकडे दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याने. त्याला बिनव्याजी दिवस मिळतील, क्रेडिट स्कोअरही सुधारेल. त्यानेसुद्धा कार्ड बाजारात येऊ द्यावं, अटींचा कागद हातात घ्यावा, इंग्रजी जमत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावा. पॉइंट कधी बाद होतात आणि कंपनीच बंद पडली तर त्यांचं काय, हे लेखी विचारावं. काही बिनसलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर "सनदक" हे बँक आणि विम्याच्या तक्रारींचं कार्यालय आहे. कायमचं घरी निघण्याआधी कार्ड बंद करून बँकेकडून देणं नसल्याचं पत्र घ्या.

भावांनो, आपण इथे कर्ज फेडायला आलोय. कुणाचा मुलीच्या लग्नाचा हप्ता आहे, कुणी एजंटचे पैसे अजून देतोय. त्यावर नवं कर्ज चढवायचं तर वीस दिरहमसाठी नको. नाव नोंदवायच्या आधी पगाराच्या सहा स्लिपा काढा आणि तारखा बघा. उत्तर तिथेच आहे.