बाटलीवरील नाव आणि गाडीवरील रंग

आमच्या कार्यालयाकडे येणाऱ्या पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग एकाच पृच्छेने व्यापलेला असतो, आणि ती म्हणजे अमुक रणगाड्याच्या प्रतिकृतीस कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा रंग द्यावा ही होय. पृच्छकाची तळमळ खरी असते. महिनोन्महिने खपून जोडलेली गाडी अखेरच्या टप्प्यावर रंगामुळे बिघडू नये या त्याच्या इच्छेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु प्रत्येक सैन्याच्या प्रत्येक गाडीचा एकच एक रंग मुकरर होता आणि तो कारखानदाराने बाटलीत भरून, वर नाव लिहून आपल्या हवाली केलेला आहे, असा जो समज या पृच्छेच्या मुळाशी दडलेला असतो, तो आमच्या मते आपल्या कलेस सर्वांत अधिक हानी पोहोचवीत आला आहे. बाटली शोधण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यातली, कोणत्या मुलखातली आणि तिच्यावर शेवटचा हात कोणी फिरवला, हे शोधले पाहिजे.

जर्मन सैन्याचाच दाखला घेऊ. १९३९ साली पोलंडवर चालून गेलेल्या रणगाड्यांची प्रतिकृती करणारे कारागीर कित्येक दशके त्या सरसकट करड्या रंगवीत आले, कारण त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रांत गाडी एकरंगी दिसते. पुढे सैन्याच्या दप्तरातील मूळ हुकूम अभ्यासकांच्या हाती आले, तेव्हा असे निष्पन्न झाले की, गर्द करड्या रंगावर सुमारे एक तृतीयांश भाग गर्द तपकिरी रंगाने झाकावा अशी आज्ञा युद्धापूर्वीच सुटलेली होती, आणि केवळ करडा रंग वापरण्याचा हुकूम १९४० च्या जुलैअखेर निघाला. हे दोन्ही रंग इतके काळपट आणि उजळपणात परस्परांस इतके निकट की, छायाचित्रात त्यांची सीमारेषा विरून जाते. म्हणजे पुरावा डोळ्यांसमोर असूनही तो वाचता येत नव्हता. जुन्या छायाचित्रांवर विसंबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबड्या प्रकाशाची संवेदना जवळजवळ नसते, त्यामुळे तांबडे चिन्ह तीवर काळे उमटते आणि निळे फिकट होते. छायाचित्र गाडीवर पट्टे होते की ठिपके, कडा धारदार होत्या की फवाऱ्याने विरलेल्या, हे निःसंशय सांगेल. पट्टा हिरवा होता की तांबूस, या प्रश्नावर त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

दप्तरातला हुकूम सापडला म्हणजे तरी प्रकरण मिटले काय? फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने गर्द पिवळा हा पायाभूत रंग ठरविला आणि त्यावर वेलबुट्टी काढण्याकरिता ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी असे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपाने पलटणींकडे रवाना केले. हा लगदा पेट्रोलमध्ये किंवा पेट्रोल दुर्मिळ असेल तेथे पाण्यात कालवून मारावा अशी तजवीज होती. आता ज्या तुकडीस पेट्रोल मिळाले तिचा रंग दाट बसला, जिने पाण्यात कालवला तिचा पातळ ताकासारखा पसरून पहिल्या पावसात ओघळला, आणि जिच्याजवळ फवारणीचे यंत्र चालू स्थितीत नव्हते तिने तो झाडूने फासला. अशा तीन गाड्या एकाच रस्त्यावर उभ्या असत्या तर त्यांपैकी खरी कोणती म्हणावी? आमचे उत्तर असे की तिन्ही खऱ्या. मात्र आपण यांपैकी कोणती करीत आहो हे कारागिरास रंगाची बाटली उघडण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

चूक एकदा रूढ झाली की ती किती काळ टिकते याचे उदाहरण उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश मटिल्डा रणगाड्यांचे आहे. ९ डिसेंबर १९४० रोजी निबेइवाच्या छावणीवर आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या पायदळापुढे जे रणगाडे चालले ते याच जातीचे, म्हणून आपणांस त्यांविषयी विशेष आस्था वाटावी. त्या सुमारास वाळवंटातील रणगाड्यांवर ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी, सरळ कडांच्या तिरप्या पट्ट्यांची त्रिरंगी योजना वापरात आली; तिच्यातील मधला रंग ‘सिल्व्हर ग्रे’ हा वस्तुतः हिरवट झाकेचा फिकट करडा होता. परंतु जतन करून ठेवलेल्या एका मटिल्डास पुढे केव्हातरी आकाशी रंग देण्यात आला, तो पाहून चित्रकारांनी चित्रे काढली, चित्रांवरून पेट्या सजल्या, आणि पेट्यांवरून पिढ्यान्‌पिढ्यांनी निळे मटिल्डा रंगविले.

येथे अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण महाराष्ट्रातील कारागिरास सेंच्युरियन, शर्मन किंवा पॅटन प्रत्यक्ष पाहण्यासाठी याहून उत्तम स्थान नाही. उघड्यावर उभ्या गाड्यांना गंजापासून वाचविण्यासाठी वेळोवेळी नवा रंग चढवावाच लागतो. सबब तेथील रंगछटा १९६५ सालच्या म्हणून उतरवून घेऊ नयेत. तेथे पाहावयाचे ते निराळेच. भर दुपारी एखाद्या रणगाड्याच्या बाजूस उभे राहावे, म्हणजे सूर्य झेलणारा वरचा पत्रा आणि सावलीतील उभी बाजू एकाच डब्यातून रंगविलेली असूनही दोन भिन्न रंगांची दिसते, आणि बुरुजाच्या गोलाईवर या दोहोंमधील प्रत्येक पायरी मोजता येते. टेबलावरील गाडीला असा सूर्य लाभत नाही. तिला तो रंगानेच द्यावा लागतो.

यावरून लहान प्रमाणाच्या प्रतिकृतीत रंग फिका करावा या सर्वमान्य नियमाकडे वळू. त्याचे कारण म्हणून दूरच्या वस्तूवर हवेचा पडदा चढतो असे सांगितले जाते, आणि त्याकरिता मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळण्याचा सल्ला मिळतो. नियम बरोबर आहे, कारण मात्र पटण्यासारखे नाही. १/३५ प्रमाणाची गाडी आपण साठ सेंटिमीटरांवरून पाहतो, म्हणजे खरी गाडी एकवीस मीटरांवरून पाहिल्यासारखे झाले. आणि एकवीस मीटरांत निरभ्र हवा कोणताच रंग बदलू शकत नाही. खरे कारण प्रकाशाचे आहे. उघड्या उन्हात लाखाच्या घरात लक्स प्रकाश असतो, तर घरातील दिव्याखाली दोन-तीनशे. आणि प्रकाश उणावला की डोळ्यास रंगाची प्रखरता कमी भासते व गडद छटा काळ्यात मिसळू लागतात. शिवाय वरून वॉश दिला की गाडी आणखी एक पायरी काळवंडते, हाही हिशेब आरंभीच धरावा लागतो.

कारण बदलले की उपायही बदलतो. अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब घ्या. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पिवळ्या मातकट रंगात काळ्याचा एकेक थेंब मिसळीत जावे, म्हणजे हिरव्याचा स्पर्शही नसताना तो हिरवट होत होत ऑलिव्हवर येऊन ठेपतो. अशा रंगात पांढरा घातला तर तो उजळ होण्याऐवजी खडूसारखा निस्तेज होतो. त्यात पिवळा किंवा फिकट बदामी घालावा, म्हणजे त्याचा स्वभाव शाबूत राहून तो उन्हात उभा असल्यासारखा दिसतो. जर्मन करड्यात पांढऱ्याने तितकी हानी होत नाही. मिश्रणाची परीक्षा मात्र ट्यूबखाली करू नये. दिवसा, खिडकीजवळच्या सावलीत, कोट पूर्ण वाळल्यावर करावी, कारण एका दिव्याखाली जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या दिव्याखाली फाकलेल्या आढळतात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅकर जातीच्या मॅट वॉर्निशचा फवारा शक्यतो टाळावा. हवेतील ओलाव्याने त्यावर पांढुरकी झाक धरते आणि सर्व परिश्रम त्याखाली झाकोळून जातात.

या सर्व विचाराअंती आम्ही असे ठरविले आहे की, पुढील अंकापासून या मासिकात प्रसिद्धीसाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत ती कोणत्या काळाची व कोणत्या रणक्षेत्रावरची, रंगनिश्चितीस आधार छायाचित्राचा, हुकुमाचा की तर्काचा, मिश्रणाचे प्रमाण काय आणि छायाचित्र कोणत्या प्रकाशात घेतले, याची नोंद मागावी. तर्क असेल तर तर्क म्हणून निःसंकोच लिहावे. तेवढ्यावरून कोणतीही गाडी नाकारली जाणार नाही. त्याखेरीज प्रत्येक रंगाचा वाळलेला नमुना पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यावर लावून पाठवावा, म्हणजे छापखान्यातून मुद्रिते आल्यावर ती आम्हांस त्याच्याशी ताडून पाहता येतील.