घरातल्या काळजीची पारख

बौद्धिक अक्षमता, म्हणजे शिकणे, समजून घेणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे लहानपणापासूनच कठीण करणारी अवस्था, असलेल्या प्रौढांना इंग्लंडमध्ये राहत्या घरी वैयक्तिक काळजी पुरवणाऱ्या संस्थांवर ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही नियामक संस्था देखरेख ठेवते. सेवा सुरक्षित, परिणामकारक, आस्थेची, गरजेनुरूप आणि सुव्यवस्थापित आहे का, हे पाच प्रश्न विचारून ती ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरी’पर्यंत चार श्रेणी देते. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू रुग्णालयात अशाच रुग्णांचा झालेला छळ मात्र तपासणीतून नव्हे, तर बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून उघडकीस आला, आणि त्यानंतर अशा व्यक्तींना रुग्णालयांतून वस्तीतल्या घरांत आणण्याच्या धोरणाला जोर आला.

घरात ही पारख अधिकच अवघड होते, कारण तेथे तपासनीस रहिवाशाच्या संमतीनेच जाऊ शकतो, आणि औषधांच्या नोंदी चोख असल्या तरी एखाद्याला रात्री आठलाच अंथरुणावर जावे लागते ते झोप येते म्हणून की मदतनीसाची पाळी संपते म्हणून, हे नोंदवहीत उतरत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचे समाधान चित्रांच्या साहाय्याने, देहबोलीवरून आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांकडूनच जाणून घ्यावे लागते. यासाठी लागणारा वेळ हा तपासणीचाच भाग मानला जावा, असा या लेखाचा आग्रह आहे.