मुळाशी दडलेला ऋणको

सोलापूरकडील डाळिंबाची बाग पिवळी पडू लागली की शेतकरी खतपाणी वाढवितो. कारण मात्र पुष्कळदा मुळाशी असते. सूत्रकृमीचे डोळ्यांना न दिसणारे पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि आपल्या स्रावाने काही पेशींच्या अनेक केंद्रकांच्या महापेशी बनविते. झाड मग आपलेच अन्न त्या परक्या खात्यात भरत राहते. मुळांवर गाठी येतात, परतफेड कधीच होत नाही.

हा कृमी अनेकदा रोपवाटिकेतील रोपांबरोबरच येतो आणि एकदा जमिनीत स्थिरावला की समूळ जात नाही. निंबोळी पेंड, झेंडूचे आंतरपीक उपयुक्त आहेच; परंतु बागेसाठी कर्ज देताना सातबाऱ्याइतकीच माती व रोपांच्या मुळांची तपासणीही आवश्यक मानावयास हवी. लागवडीपूर्वीची तपासणी हेच खरे तारण होय.