होडीचे वर्ग व माणसांचे वर्ग

ज्या भागात उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्याची चिंता पडते, त्या भागातील शाळेच्या वार्षिकात नौकास्पर्धेविषयी लेख यावा, हे पाहून आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हसू येईल. नांदुरा तालुक्यातून पूर्णा वाहते खरी. परंतु खारपाण पट्ट्यातील आमच्या लोकांस पाणी म्हटले म्हणजे घागर आठवते, वल्हे आठवत नाही. तथापि हा विषय आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. एक तर आमच्याच तालुक्यात जिगाव येथे पूर्णेवर मोठे धरण बांधण्याचे काम पुष्कळ वर्षे चालले आहे. जेथे पाणी साठते तेथे आज ना उद्या होड्या येतात, आणि होड्या आल्या म्हणजे शर्यतीही येतात. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. स्पर्धेत कोणास घ्यावे, कोणास घेऊ नये, आणि कोणाची बरोबरी कोणाशी लावावी, हा प्रश्न केवळ पाण्यावरचा नव्हे. तो शाळेच्या मैदानावरचा आहे, तसाच समाजाचाही आहे. लांब पल्ल्याच्या नौकास्पर्धांच्या नियमांत या प्रश्नाचे उत्तर जितके उघड सापडते तितके क्वचितच अन्यत्र सापडेल.

प्रथम या होड्यांचा परिचय करून देणे अवश्य आहे. कॅनू म्हणजे अरुंद, हलकी व दोन्ही टोकांस निमुळती अशी होडी. तिचे वल्हे होडीस अडकविलेले नसते. ते हातात मोकळे असते, आणि वल्हविणाऱ्याचे तोंड पुढे, जावयाच्या दिशेस असते. एकाच पात्याच्या वल्ह्याने, बहुधा एक गुडघा टेकून चालवावयाची ती कॅनू. आणि पाय पुढे पसरून, दोन पात्यांच्या वल्ह्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंस पाणी मारून चालवावयाची ती कयाक. एक माणूस, दोन माणसे, याप्रमाणे यांचे पुन्हा पोटभेद होतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुसते वल्हवून भागत नाही. मध्ये बंधारा, धबधबा अथवा कालव्याचा दरवाजा आला म्हणजे काठास लागावे, होडी खांद्यावर घ्यावी, धावत पलीकडे जावे व पुन्हा पाण्यात उतरावे, असे करावे लागते.

आता हे वर्ग कशासाठी करतात ते पाहू. होडी चालू लागली म्हणजे ती आपल्याभोवती लाट उठविते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली, की पुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. होडी जणू आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. म्हणून लांब होडीस आखूड होडीपेक्षा मुळातच अधिक वेग साधतो, आणि त्यात वल्हविणाऱ्याचे कर्तृत्व काही नसते. यासाठीच आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लांब पल्ल्याच्या शर्यतीतील एकेरी कयाकची लांबी ५२० सेंटिमीटरांहून अधिक असता कामा नये, आणि दुहेरीची ६५० हून. वजनाचा नियम याच्या उलट आहे. तेथे मर्यादा खालच्या बाजूस घातली आहे: एकेरी कयाक ८ किलोग्रॅमांहून हलकी असू नये, दुहेरी १२ हून. कारण उघड आहे. ही मर्यादा नसती तर ज्याच्यापाशी पैसा अधिक त्याने दरवर्षी अधिक हलकी व अधिक महाग होडी आणली असती, आणि शर्यत बाहूंची न राहता थैलीची झाली असती.

जेथे होड्या नाना प्रकारच्या येतात तेथे वर्गही तितकेच करतात. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात १९६३ पासून एक अतिदीर्घ शर्यत भरत आली आहे. तिचा मार्ग सुमारे २६० मैलांचा असून तो १०० तासांत पुरा करावा लागतो. तीत बाजारात मिळणारी साधी ॲल्युमिनियमची होडी घेऊन येणाऱ्यांचा वर्ग वेगळा, नवशिक्यांचा वेगळा, आणि वाटेल तशी होडी बांधून आणणाऱ्यांचा वेगळा असतो. जो कोणी वेळेत शेवट गाठतो त्यास कापडाचे एक लहानसे चिन्ह मिळते, व त्या चिन्हासाठी माणसे रात्रंदिवस वल्हवितात. आपल्याकडे केरळात आलप्पुळा येथे १९५२ साली सुरू झालेल्या नेहरू चषकाच्या शर्यती लांब पल्ल्याच्या नाहीत. पण तेथेही शंभर फुटांहून लांब अशा चुंडन नावेशी लहानशा वेप्पु नावेची गाठ घालीत नाहीत. जिची तिची शर्यत तिच्या जातीच्या नावेशी लावतात.

वर्गांप्रमाणेच प्रवेशाचे नियम. इंग्लंडात डिव्हायझेस गावापासून लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत १२५ मैलांची एक शर्यत ईस्टरच्या सुटीत होते. तिचा उगम १९४८ सालचा. शंभर तासांच्या आत, सर्व शिधा व तंबू आपल्याच होडीत वाहून आणि वाटेत कोणाचेही साहाय्य न घेता हा मार्ग काटावा, असे आव्हान गावच्या स्काउटांपुढे ठेवण्यात आले, व त्यांनी ते नव्वद तासांच्या आत पुरे केले. आज या मार्गावर ७७ ठिकाणी होडी उचलून न्यावी लागते. प्रौढांच्या जोड्या हे अंतर न थांबता, रात्रभर वल्हवून कापतात. शालेय वयाच्या जोड्यांस मात्र ते चार दिवसांत विभागून दिलेले आहे व रात्री त्यांस विश्रांती घ्यावी लागते. मार्ग तोच, पाणी तेच, अंतरही तेच. परंतु कोवळ्या वयावर प्रौढांचा भार घातलेला नाही. आम्हांस हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. मुलास कठीण काम देऊच नये असे तो म्हणत नाही. कठीण काम त्याच्या बेताने द्यावे, एवढेच तो म्हणतो.

येथवर सांगितलेले सर्व नियम एका प्रकारचे आहेत. ते होडीची लांबी विचारतात, वजन विचारतात, वल्हविणाऱ्याचे वय व अनुभव विचारतात, वेळ विचारतात. परंतु नियमांचा दुसराही एक प्रकार जगात होऊन गेला आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे हाच या लेखाचा मुख्य हेतू होय.

थेम्स नदीवर हेन्ली येथे नौकाशर्यतींचा मोठा मेळा भरतो. त्याच्या चालकांनी १८७९ साली हौशी वल्हेकरी कोण याची व्याख्या ठरविली. जो मजुरी घेऊन हातांनी काम करतो, म्हणजे कारागीर, यंत्रावरचा कामगार अथवा मजूर, तो हौशी नव्हे, आणि म्हणून त्यास प्रवेश नाही, असे त्यांनी ठरविले. वल्हविण्यासाठी त्याने कधी पैसा घेतला होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. १९२० साली जॉन केली नावाच्या अमेरिकन वल्हेकऱ्याचा अर्ज तेथे नाकारण्यात आला. त्याच्या क्लबावर पूर्वीची बंदी होती हे एक कारण. आणि तो विटा रचणारा गवंडी होता हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकात याच केलीने एकेरी शर्यतीत इंग्लंडच्या वल्हेकऱ्यास मागे टाकून सुवर्णपदक घेतले. पुढे १९३६ साली ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा संघ हेन्लीस आला असता, हे लोक सिडनीचे पोलीस, म्हणजे अंगमेहनतीचे नोकर, या सबबीवर त्यांसही वगळण्यात आले. तेव्हा मात्र फार गवगवा झाला, आणि १९३७ साली तो नियम काढून टाकावा लागला. दहा वर्षांनी, १९४७ साली, ज्या शर्यतीत बापास पाऊल ठेवू दिले नव्हते ती केलीच्या मुलाने जिंकली.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथे १९५१ साली इयन प्लेअर याने पीटरमारिट्झबर्गपासून डर्बनपर्यंत सुमारे १२० किलोमीटरांची शर्यत भरविली. आठ जण निघाले. वाटेत प्लेअरला साप चावला, तरी सहाव्या दिवसानंतर शेवटास पोहोचला तो तोच एकटा. अशा पराक्रमाने सुरू झालेली ही शर्यत. परंतु ती वर्णभेदाच्या राज्यात सुरू झाली होती. ज्या खोऱ्यांतून ती जाते तेथे झुलू लोकांची वस्ती आहे, आणि त्या नदीचे खडक न् खडक त्यांच्या मुलांस पाठ. असे असूनही त्यांच्यापैकी एकाचे, स्बोनेलो ख्वेला याचे, नाव विजेत्यांत झळकण्यास २०१४ साल उजाडावे लागले. नदीकाठच्या माणसास नदीवरच्या शर्यतीत पहिले येण्यास त्रेसष्ट वर्षे लागली, ती काही त्याच्या दंडात बळ नव्हते म्हणून नव्हे.

हे परदेशाचे झाले, आमचे काय? सांगलीस कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा नदीकाठच्या गावांचे संघ उतरतात आणि दोन्ही तीरांवर माणसे दाटतात. पुण्यास संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा रेगाटा आज अनेक पिढ्या चालत आला आहे. परंतु आम्हांस सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते ते नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ याचे. गाव अवर्षणाचे, वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे, दगड फोडण्याचे काम केलेले. २०१२ साली तो सैन्यात शिरला व तेथे त्याने प्रथम वल्हे हाती घेतले. चार वर्षांत, २०१६ साली, तो रिओच्या ऑलिंपिकात एकेरी शर्यतीत तेरावा आला. आणि २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेत बसून त्याने भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. हेन्लीचा जुना नियम येथे लागू असता तर हा तरुण पहिल्याच दाराशी अडला असता. कारण विहीर खोदणारा हा हातांनी मजुरी करणाराच. आमच्या जिल्ह्यात असे हात किती आहेत हे आम्ही सांगावयास नको.

यावर कोणी म्हणतील, की असा नियम आमच्याकडे कोणी करणार नाही. लेखी करणार नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु न लिहिलेले नियम लिहिलेल्यांहून अधिक कडक असतात. प्रवेशशुल्क असे ठेवावे की मजुराच्या घरी ते निघू नये. होडी ज्याची त्याने आणावी असे म्हणावे. अर्ज अशा भाषेत छापावा की खेड्यातल्या बापास तो वाचता येऊ नये. आणि भोई, ढिवर यांची मुले आली तर ‘हे तर धंद्याचेच लोक, यांच्याशी आमची मुले कशी टिकणार’ असे म्हणून त्यांस बाजूस काढावे. म्हणजे नियम न करता नियम झाला. ज्यांच्या वाडवडिलांनी विदर्भातल्या नद्यांवर डोंगे चालविले आणि पुरात लोकांस पैलतीरी नेले, त्यांच्या मुलांचे कौशल्य हा दोष ठरावा, याहून उफराटा न्याय कोणता?

दुसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंपैकीच काही घेतात. इतके वर्ग केले तर जो तो आपापल्या वर्गात पहिला येईल, आणि बक्षिसाची किंमत राहणार नाही, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. वर्ग हे दयेपोटी करावयाचे नसतात. जेथे साधनांत खरोखर भेद आहे तेथेच वर्ग करावा, व त्या वर्गाच्या आत कोणासही सवलत देऊ नये. नवशिक्याचा वर्ग असावा; पण त्यात बसणारा किती शर्यती खेळला आहे हे पाहावे, तो कोणाचा मुलगा आहे हे पाहू नये. नियमाने होडी मोजावी. माणसाचे कुळ मोजू नये.

म्हणून जिगावच्या पाण्यावर ज्या दिवशी शर्यतीचा विचार निघेल त्या दिवसासाठी आम्ही काही सूचना आजच करून ठेवतो. पहिला नियम पोहण्याचा असावा. ज्यास कपड्यांसह काही अंतर पोहता येत नाही त्यास होडीत बसू देऊ नये, आणि ज्यास येते त्यासही अंगात तरंगजाकीट असल्याखेरीज सोडू नये. आमच्या भागात दरवर्षी विहिरींत व शेततळ्यांत मुले दगावतात. शर्यत झाली नाही तरी या एका नियमाच्या निमित्ताने मुले पोहावयास शिकली, तर तो लाभ थोडका नव्हे. दुसरे, होड्या शाळांच्या अथवा मंडळाच्या मालकीच्या, एका मापाच्या असाव्यात, व कोणती होडी कोणास हे चिठ्ठी टाकून ठरवावे. तिसरे, गावच्या सुताराने बांधलेल्या डोंग्यांचा वर्ग निराळा व मानाचा असावा. चौथे, मुलींचा वर्ग पहिल्याच वर्षापासून असावा. मागाहून आठवण झाल्यासारखा नसावा. पाचवे, शेवट गाठणाऱ्या प्रत्येकास काहीतरी खूण मिळावी, कारण लांब पल्ल्यात शेवट गाठणे हेच मुळात यश आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की ज्यांची घरे व शेते त्या पाण्याखाली जावयाची, त्यांच्या मुलांकडून शुल्क घेऊ नये. ते पाणी उभे राहावे म्हणून त्यांच्या वडिलांनी आपला गाव दिला आहे. त्या पाण्यावर खेळण्याचा हक्क त्यांस आम्ही मेहेरबानीने द्यावा अशी गोष्ट नाही. तो त्यांचा आधीचाच आहे, आणि नियम करणाऱ्यांनी तो पहिल्या कलमात लिहावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पुढे शिक्षक, अधिकारी, पंच अथवा एखाद्या मंडळाचे चिटणीस व्हाल. नियम लिहिण्याची लेखणी तुमच्या हाती येईल. त्या वेळी प्रत्येक कलमापाशी थांबून स्वतःस एवढेच विचारा: हे कलम शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून लिहिले आहे, की कोणी दाराबाहेर राहावा म्हणून? पहिले असेल तर ते कितीही बारीक व किचकट असो, ते ठेवा व कसोशीने पाळा. दुसरे असेल तर ते कितीही जुने व प्रतिष्ठित असो, खोडून टाका. हेन्लीच्या चालकांस हे कळण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. तुम्हांस तेवढा वेळ लागू नये, अशी आमची इच्छा आहे.